पावडर टाकल्यावरचं पाणी

मी बोलायला फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते. दहावी झालेली, वस्तीवर सून म्हणून आले तेव्हा सगळ्यांत जास्त शिकलेली मीच, आणि ते मी कुणाला कधी विसरू दिलं नाही. पंचायतीनं पाणी तपासायचं किट शिकायला गावातल्या पाच बाया पाठवल्या, त्यात मी होते. बाकीच्या चौघी चहा-बिस्किटं खाऊन आल्या, मी वही भरून आले. आमची वस्ती गावापासून लांब, पंचायतीच्या नळाची लाईन अजून आली नाही. बारा घरं आमच्याच शेतातल्या विहिरीवर. त्यामुळे त्या विहिरीत जंतू मारायची टीसीएलची पावडर कधी टाकायची, किती टाकायची, कुठल्या दिवशी पाणी प्यायचं, हे सगळं माझ्याकडं. लोक मला हसून ‘पाण्याच्या डाक्टरीण बाई’ म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दसरा होऊन गेला होता. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडं आली होती, आठवा महिना लागलेला. सासर तिचं सिरसाळ्याच्या पुढं. लग्नानंतर चार वर्षांनी दिवस राहिले होते, त्याच्याआधी एकदा राहून गेलेलेही. त्यामुळं मी तिला उचलेल ते उचलू देत नव्हते आणि बसेल तिथं बसू देत नव्हते. ती वैतागायची. म्हणायची, “आई, मी काय काचेची हाय का?” मी म्हणायचे, “हो, हायेस.”

एके दिवशी सकाळी मालक कापसाच्या पऱ्हाटीवर शेवटची फवारणी करायला निघाले. पंप विहिरीवरच भरायचा, हे आमच्याकडं पिढीजात. पाणी तिथं, म्हणून पंप तिथं, म्हणून औषधाची बाटलीही तिथंच, कठड्यावर. मी दहा वेळा बोलले असेन त्यावरून. त्या दिवशी झाकणानं मापताना कोपर लागलं आणि बाटली गेली आत. मालकांनी गळ टाकून ती काढली, पण तोवर निम्म्याच्या वर रिकामी झाली होती. ते तसेच ओले हात घेऊन घरी आले आणि दारातूनच म्हणाले, “आगं, लई वाईट झालं.” माणूस भला. लपवलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, पण लपवणं त्यांच्या स्वभावात नाही. ते माझ्या स्वभावात निघालं.

मी जाऊन पाह्यलं. पाण्यावर दुधासारखा पांढरा पट्टा आणि वास असा, की नाकात बसला तो बसला. सडलेला कांदा आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा. वस्तीवरची माणसं जमली. कुणी म्हणालं मोटर लावून सगळं पाणी उपसा. पण पाऊस त्या साली हात राखूनच पडला होता. उपसलेलं पाणी परत कधी भरेल याचा भरवसा नव्हता, आणि लाईट तर रात्रीच्या पाळीला. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणाले, “उपसायची काय गरज न्हाई. पावडर टाकते. पावडरीनं सगळं मरतं.”

हे मी कुठं शिकले? कुठंच नाही. शिकवताना त्यांनी जंतू मरतात असं सांगितलं होतं. ‘सगळं’ हा शब्द माझ्या पदरचा.

बादलीत पावडर कालवली, निवळू दिली, वरचं निवळ पाणी तेवढं विहिरीत सोडलं, अगदी शिकवल्यासारखं. फक्त नेहमीच्या दुप्पट टाकली. कपड्याचा डाग लई असला की आपण साबण जास्त लावतो ना, तसं.

दुसऱ्या दिवशी वास निम्मा झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर वास नाहीच. पाणी काचेसारखं. मी नळीत पाणी घेतलं, किटातले थेंब टाकले, पिवळा रंग आला. किती पिवळा हवा ते कार्डावर असतं, बरोबर तेवढाच. तरी मी घाई केली नाही. आमच्या वस्तीची एक जुनी रीत आहे. विहिरीत काही पडलं, साप मेला, गाळ उठला, की आधी मेंढरांना पाजायचं. मेंढराचं नाक तिखट असतं, वाईट पाण्याला ते तोंड लावत नाही. मेंढरं प्याली की माणसांनी प्यायचं. माझा चुलत दीर मेंढरं राखतो. मी त्याला हाक मारली. त्यानं कळप हौदावर आणला. पुढच्या दोन-तीन मेंढ्यांनी नाक लावलं, फुरफुरल्या, आणि मग सगळा कळप ढकलाढकली करत पाण्याला लागला.

दीर म्हणाला, “घ्या वैनी. आता तर मेंढरांनीबी सही केली.”

मी विहिरीवरून घरोघरी गेलेल्या पाईपाचा व्हॉल्व्ह सोडला. बारा घरी पाणी गेलं. पहिला तांब्या मी लेकीला नेऊन दिला, कारण विहीर बंद असताना दोन दिवस ती टँकरच्या पाण्यावर तोंड वाकडं करून होती. ती गटागटा प्याली आणि म्हणाली, “आपल्या हिरीचं ते आपल्या हिरीचं.” मी तिथंच उभी राहून बघत होते, समाधानानं.

त्यानंतर दोन दिवसांनी मी तालुक्याच्या लॅबमधल्या सरांना फोन केला. गरज काही नव्हती. मला सांगायचं होतं, बस. शिकवायला तेच आले होते, वयानं माझ्या लेकीएवढे, आणि माझी वही त्यांनी सगळ्यांना दाखवली होती. म्हटलं, बघा, तुमच्या शिकवण्याचा असा उपयोग केला. मी सगळं सांगितलं, बाटली पडली, पावडर टाकली, वास गेला, पिवळा रंग आला. मेंढरांचंही सांगितलं, थोडं हसत.

शाबासकी ऐकायला मी फोन कानाला घट्ट धरला.

मग सर म्हणाले, “ताई, औषधावर पावडर टाकली तुम्ही?”

“हो. कावून?”

“लोक पिताहेत ते पाणी?”

“पितात की,” मी म्हणाले. त्यांनी मला सावकाश समजावलं, आणि मी ते अजून शब्दाशब्दानं सांगू शकते. या औषधात गंधक असतं, घाण वास मुख्य त्याचाच. पावडरीतलं क्लोरीन औषधाला तोडतं खरं, पण सगळं तोडत नाही. आधी ते गंधक तेवढं काढून टाकतं आणि त्या जागी ऑक्सिजन बसतो. वास जातो. औषध मात्र जात नाही, त्याचं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते जे होतं ते मूळ औषधापेक्षा जास्त जहरी असतं. “अळीच्या पोटात गेल्यावर तिच्या अंगात हाच बदल होतो, म्हणून अळी मरते,” सर म्हणाले. “ते काम विहिरीतच झालं, ताई.”

मी विचारलं, “पण पिवळा रंग?”

“तो क्लोरीनचा. पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे एवढंच तो सांगतो. दुसरं काही नाही.”

“आन मेंढरं?”

“वास गेलाय म्हणल्यावर मेंढरांना काय कळणार?”

सर भले होते, मला रागावले नाहीत. म्हणाले, विहीर मोठी आहे, औषध विरळ झालं असेल, आणि हे नवीन झालेलं जहरही पाण्यात फार टिकत नाही, हळूहळू तेही तुटतं. पण किती आहे, किती दिवस राहील, हे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पाणी बंद करा, विहीर उपसा, नमुना पाठवा. आणि शेवटी सहज विचारावं तसं विचारलं, “घरात लहान मूल किंवा गरोदर कुणी नाही ना?”

मी म्हणाले, “न्हाई.”

का म्हणाले? आजही मला ते नीट सांगता येत नाही. तोंडातून निघून गेलं. मी ‘हाय’ म्हणाले असते तर ते काहीतरी बोलले असते, आणि ते काय बोलतील ते ऐकायची माझी छाती नव्हती.

व्हॉल्व्ह बंद करायला मी धावत गेले. धावत म्हणजे, पन्नाशीची बाई साडी गुडघ्यावर धरून बांधावरून जशी पळेल तशी. वस्तीला सांगितलं, तळाचा गाळ उठलाय, विहीर उपसायची, पाणी वापरू नका, भरलेलं ओतून द्या. बायांनी कुरकुर केली, पण माझं ऐकायची सवय होती, हंडे ओतले. मालकांनाही तेवढंच सांगितलं. ते बिचारे आधीच बाटलीच्या पापानं अर्धे झाले होते, त्यांना अजून काय सांगू असं मी स्वतःला समजावलं. पण खरं ते नव्हतं. मला लाज वाटत होती. बाटली त्यांच्या हातून पडली होती, पण जहर वाढवलं होतं मी, वही बघून, माप घेऊन, सगळ्यांसमोर.

आणि लेकीला तर काहीच सांगितलं नाही. जारवाला माजलगावहून येतो, त्याला फोन करून जार मागवले. तिला म्हटलं, गढूळ पाणी या दिवसांत नको. मनात म्हटलं, तिला घाबरवून काय उपयोग, घाबरल्यानं पोटातल्या लेकराला आणखी त्रास. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं बघा.

त्यानंतर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सरांना पुन्हा फोन लावून, शेजारणीचं नाव पुढं करून, लक्षणं विचारून घेतली. लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंगावरचं मांस आपोआप थडथडतं. मग मी तेच बघत बसले. मेंढरवाड्यात जाऊन एकेक मेंढीचं तोंड उचलून लाळ बघायचे. दीर म्हणाला, “वैनी, बाजाराला काढायची हायेत का?” घरी लेक जेवत असली की मी तिच्या डोळ्यांकडं बघायचे. ती उजेडाला बसली की बाहुली लहान दिसायची. मग मी तिला आत बोलवायचे, अंधारात बघायला. दिवसातून पन्नास वेळा विचारायचे, “हलतंय का गं?” ती म्हणायची, “हलतंय, आई. तुझ्यापरीस जास्त झोपतंबी.”

आमच्या पडवीत एक दगडी रांजण आहे. हातपाय धुवायला वापरतो. व्हॉल्व्ह सोडला त्या दिवशी तो काठोकाठ भरून घेतला होता. वस्तीला ओतायला सांगितलं तेव्हा मी आमचे हंडे ओतले, पण रांजण ठेवला. एवढा मोठा रांजण लेकीच्या देखत उपडा केला असता तर ती विचारणार, गढूळ पाण्यानं पाय धुतले तर काय होतं? म्हणून मी त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर पाटा ठेवला आणि मनाला सांगितलं, हे कोण पितंय.

मोटर लावून विहिरीचा उपसा दोन दिवस चालू होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेतावरून आले. पडवीत पाटा बाजूला काढलेला, झाकण तिरकं, आणि लेक रांजणात तांब्या बुडवत होती. भरलेला तांब्या तिनं तोंडाला लावला. मी पुढं झाले आणि तिच्या हातावर फटका मारला. तांब्या फरशीवर जाऊन आदळला, तिच्या साडीवर सगळं पाणी. ती इतकी दचकली की भिंतीला टेकली.

“किती पिलीस?” मी विचारलं. “किती येळा?”

“काय झालं आई?”

“किती येळा पिलीस ते सांग.”

तिनं सांगितलं. जारचं पाणी तिला कडवट लागायचं, पोटात ढवळायचं. रांजणातलं गार असतं, निवळ असतं. गाळ तर केव्हाच खाली बसलेला. म्हणून मी शेतावर गेले की ती तेच प्यायची. जार मागवले त्या दिवसापासून, रोज. मला राग येईल म्हणून सांगितलं नाही. जारमधलं पाणी कमी दिसावं म्हणून त्यातलं थोडं तुळशीला घालायची. आणि एवढा जड पाटा तिनं आठव्या महिन्यात एकटीनं उचलून ठेवला होता.

मी तिथंच खाली बसले. बसूनच तिला सगळं सांगितलं, बाटलीपासून सरांच्या फोनपर्यंत. गरोदर कुणी नाही असं म्हणाले तेही. ती ऐकत होती. एक हात पोटावर होता. मध्येच तिनं बोट उचलून मला गप्प केलं, आणि आम्ही दोघी तिच्या पोटाकडं बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मला तेव्हा देव आठवला नाही, कुणीच आठवलं नाही. मग ती म्हणाली, “हललं.”

मी रडायला लागले. ती रडली नाही.

मालक तिला आणि मला जीपनं तालुक्याला घेऊन गेले. वाटेत त्यांनाही कळलं. डॉक्टर बाईंनी तिचे डोळे पाह्यले, छाती पाह्यली, रक्त घेतलं, पोटातले ठोके आम्हाला ऐकवले. म्हणाल्या, सध्या सगळं ठीक दिसतंय. ‘सध्या’ हा शब्द मी घरापर्यंत घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीच्या कडुलिंबाखाली मी सगळ्यांना बोलावलं. बाटलीचं त्यांना माहीत होतं. पावडरीनं काय झालं ते सांगितलं, आणि गाळाचं खोटं होतं तेही. मला वाटलं शिव्या देतील. एकदोघींनी दिल्याही, देणारच, घरात लेकरं होती. पण पुष्कळांना पटलंच नाही. दीर म्हणाला, “वैनी, वास गेला म्हणजे औषध गेलं. मेंढरं पिली की. एक तरी मेलं का?” मी त्याच्यावर ओरडले, “तुझ्या मेंढराला गंधक कळतं, बाकीचं न्हाई कळत.” सगळे हसले. मी हसण्यासाठी बोलले नव्हते.

पुढं, मी तालुक्याला पाठवलेल्या पाण्याच्या नमुन्याचा कागद आला. त्यावर औषधाचं नाव आणि समोर, ‘आढळले नाही’. वस्तीवर आनंद झाला. सरपंचांनी कागद मोठ्यानं वाचला आणि वर म्हणाले, बाईंनी वेळेवर पावडर टाकली म्हणून. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, मूळ औषध तपासायची सोय आहे, त्याचं जे दुसरं होतं ते तपासायची आपल्याकडं सोय नाही. म्हणजे तो कागद खरा होता आणि आम्हाला हवं ते त्यात नव्हतं. मी हेही लिंबाखाली जाऊन सांगितलं. या खेपेला ऐकायला चौघंच थांबले. विहीर दोनदा उपसून झाल्यावर, नवीन पाझर आल्यावर, हळूहळू सगळे परत तेच पाणी प्यायला लागले. मेंढरं जगली. वस्तीवर कुणी आजारी पडलं नाही. लेकीच्या पोटात मात्र रांजणातलं पाणी रोज गेलं होतं, आणि त्याचं काय झालं हे सांगणारा कागद कुणाकडंच नव्हता.

बाळ वेळेवर झालं. मुलगी. नर्सनं माझ्या हातात दिली तेव्हा मी आधी डोळ्यांच्या बाहुल्या पाह्यल्या, मग बोटं मोजली. चांगली रडली, चांगली प्याली. तोंडातून दूध ओघळलं तरी मी दचकायचे, लाळ तर नाही ना. डॉक्टर बाई शेवटी चिडून म्हणाल्या, आजी, लाळ सगळ्याच बाळांची गळते.

लेक माझ्याशी नीट बोलायची. भांडली नाही, टोमणा मारला नाही. तिनं भांडावं म्हणून मी मुद्दाम एकदोनदा विषय काढला. एकदाच म्हणाली, “पावडरीचं तुला माहीत नव्हतं आई, ते मी धरत न्हाई. पण फोन झाला त्या दिशी मला सांगितलं असतंस तर मी त्या रांजणाला हात लावला असता का?”

तीन महिने झाल्यावर जावई न्यायला आले. जीप दारात, बाळ जावयांच्या हातात, पिशव्या चढवून झालेल्या. वाटेत लागेल म्हणून मी पाण्याची बाटली भरून खिडकीतून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, झाकण काढलं आणि उजेडाकडं धरून बघितलं.

“कुठलं हाय?”

“जारचं. मीच आत्ता भरलं.”

“खरं?”

जावयांसमोर, मालकांसमोर. असं मला कुणी विचारलं असतं तर एरवी मी त्याला सोडलं नसतं. मी म्हणाले, “खरं.” तिनं मान हलवली, झाकण घट्ट लावलं आणि बाटली परत माझ्या हातात दिली. म्हणाली, “राहू दे आई. वाटेत घेतो आमी.”